फॉरवर्डचा तास

हल्ली बहुतेक शाळांत इयत्तेगणिक एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. करोनाकाळात ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ म्हणत हे ग्रुप उभे राहिले आणि तेव्हा त्यांनी मोठी गरज भागवली. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले. आता त्यांवर गृहपाठ येतो, सुट्टीची सूचना येते, फीची आठवण येते. पण कित्येक घरांत एकच फोन, तोही वडिलांकडे. ते रात्री नऊला कामावरून येतात, तेव्हा कुठे नववीतल्या मुलीला कळतं की उद्या प्रयोगवही न्यायची आहे. तिचा स्वतःचा नंबर ग्रुपवर असेल, तर तो चाळीस घरांत दिसतो म्हणून आई धास्तावलेली. ही धास्ती उगाच नाही.

एवढ्यालाच आपण शाळेतला समाजमाध्यमांचा वापर म्हणणार असू, तर आपण फक्त सूचनाफलक भिंतीवरून खिशात हलवला. समाजमाध्यमं वर्गात यायलाच हवीत, असं माझं ठाम मत आहे. पण ती यावीत धडा म्हणून, तपासून वाचण्यासाठी.

‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे मुलं तिथे कधीच पोचली आहेत. तिथलं वाचायचं कसं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

न शिकवण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हे मेसेज त्याआधी फोनाफोनांतून फिरत होते. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच ठिकाणीही काय पाठवायचं, हे ठरवणारं डोकं मात्र शाळेतच घडवावं लागतं.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मी आठवी-नववीच्या वर्गात दाखवण्याजोगा मानतो. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. इथे थांबवावं आणि विचारावं : ही माणसं कोण? गाव कुठलं? मग उरलेला भाग दाखवावा. तेच दोघे परत येतात, मुलाला उतरवतात आणि एक जण फलक धरतो : मूल पळवायला एक क्षण पुरतो, सांभाळा. ती कराचीत बनलेली, मुलांच्या सुरक्षेसाठीची जनजागृतीची फिल्म होती. शेवट कापला आणि सावधगिरीचा निरोप जीवघेणी अफवा झाला. कापलेला शेवट एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुढचा व्हिडिओ आला की ‘याच्या आधी काय, नंतर काय?’ असं विचारेल, हा माझा विश्वास आहे.

यासाठी नवा विषय नको, नवं पुस्तक नको. ऑनलाइन माहित्या भरून थकलेल्या शिक्षकांवर आणखी ओझं घालायचं नाही. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात बातमीलेखन आहेच. तिथे आपण मुलांना दिनांक, ठिकाण, वार्ताहर लिहायला लावतो. नसेल तर गुण कापतो. तीच फूटपट्टी फॉरवर्डला लावू द्या. फळ्यावर एक मेसेज लिहावा आणि वर्गाने तो तपासावा. लिहिणारा कोण? तारीख कुठे आहे? ‘आताच कळलं’ म्हणजे कधी? वर्तमानपत्रात आलंय का? खोटं निघालं तर कुणाच्या जिवावर बेतेल? याला मुलांच्या हातात फोन लागत नाही, कुणाचं खातंही लागत नाही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. आपल्याकडेही तशी मागणी होते, आणि पालकांची त्यामागची काळजी मला पटते. पण बंदीने सोळावं वर्ष टळत नाही. अफवा वडिलांच्या फोनवरून, मावशीच्या ग्रुपवरूनही घरात येतेच. आणि ती घरात आली की जेवायला बसलेल्यांत ‘थांबा, हे कुठून आलं?’ असं विचारणारं कुणीतरी हवं. ते काम सातवी-आठवीतलं पोर करू शकतं.

म्हणून शाळांकडे दोन मागण्या. गृहपाठ आणि दुसऱ्या दिवशीच्या सूचना शाळा सुटण्याआधी वर्गातच द्या. आणि सातवीपासून दहावीपर्यंत मराठीचा आठवड्यातला एक तास फॉरवर्ड वाचायला द्या. दोन्हींना शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं, तर येत्या सोमवारपासून सुरू होईल.