ध्यान ठेवजो

आमच्या झाडीपट्टीत घरातून निघणाऱ्याला 'सांभाळून जा' असं क्वचितच कोणी म्हणतं. 'ध्यान ठेवजो' म्हणतात. माझी आई तर सकाळ संपेपर्यंत हा शब्द तीन अर्थांनी वापरून मोकळी व्हायची. पहाटे डोक्यावर पदर घेऊन 'ध्यानाले जातो' म्हणत घराबाहेर पडायची. जाताना मला चुलीपाशी बसवून 'दुधावर ध्यान ठेवजो' असं बजावायची. आणि परत आल्यावर उतू गेलेलं दूध पाहून कपाळाला हात लावायची, 'का ध्यान हाय हे पोट्टं!'

ती जायची ते गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाला. तुमसरच्या आजूबाजूला अशी मंडळं गावोगाव आहेत. पहाटे ध्यान, संध्याकाळी प्रार्थना, हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेला नेम. सतरंज्या अंथरलेल्या, माणसं रांगेत ताठ बसलेली, पुरुषांच्या डोक्यावर भगव्या टोप्या. समोर स्वच्छ गादी, मागे लोड. गादीवर कोणीच नाही. मूर्ती नाही, की कोणी बुवा नाही. लहानपणी मला वाटायचं, यायचे ते पाहुणे आज पुन्हा चुकले. पुढे कळलं, ती जागा रिकामी आहे म्हणूनच तिच्यासमोर कोणालाही बसता येतं.

आता मीही पन्नाशी ओलांडली आहे आणि आठवड्यातले चार दिवस तरी त्या रांगेत बसतो. खरं सांगायचं तर मन शांत वगैरे होत नाही. डोळे मिटले की पहिल्यांदा सोसायटीचा हप्ता आठवतो, मग मुलीची फी, मग गुडघा. दूर देव्हाडीच्या बाजूला तुमसर रोड स्टेशनातून मालगाडी निघाली की तिचे डबे मोजले जातात. चिखला-डोंगरीच्या मॅंगनीज खाणींकडून येणारे ट्रक खडखडत जातात. अर्ध्या तासात देव एकदाही दिसत नाही. मग आम्ही तिथे का जातो?

याचं उत्तर शोधताना मला ध्यानानंतरचा खराटा आठवतो. तुकडोजींच्या दिनक्रमात ध्यान संपलं की रामधून आणि ग्रामसफाई. मिटलेले डोळे उघडले की पहिल्यांदा गावाची नाली दिसली पाहिजे, असा हा हिशेब. १९५५ साली आलेल्या त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय चाळले तरी हेच दिसतं. तिथे प्रार्थनेच्या शेजारी गावाची स्वच्छता आहे, श्रम आहेत. आणि हा नेम निवांत दिवसांत रुजलेला नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवलं गेलं. त्याच ऑगस्टमध्ये आमच्या तुमसरातही गोळीबार झाला. बाहेर असा काळ असताना माणसं एका सतरंजीवर बसायला शिकत होती.

एकत्र बसण्याची ही सवय इथे त्याहूनही जुनी असावी. आमच्याच भंडारा जिल्ह्यात पवनीला प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले आहेत, आणि आजही इथल्या विहारांत मैत्रीभावनेला माणसं शेजारी शेजारी बसतात. महाराजांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीला तर त्यांच्या पुण्यतिथीच्या दिवशी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी अफाट गर्दी एकदम गप्प होते. एवढ्या माणसांची शांतता अंगावर येते. मात्र मला जास्त आठवते ती आमच्या चाळीस माणसांची.

९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटल्यावर भंडाऱ्याच्या रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. आसपासच्या खेड्यांतल्या घरांतली बाळं, काहींची तर बारशीही व्हायची होती. त्या संध्याकाळी प्रार्थनेला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. रोज दोन शब्द सांगणारे आमचे वयस्कर भाऊ उठले, उभे राहिले आणि म्हणाले, "आज बोलाचं नाही जी, बसाचं." मग आम्ही बसलो. किती वेळ, ते कोणी पाहिलं नाही. बायकांच्या रांगेतून एकीचा हुंदका आला. तिच्या सुनेला सातवा महिना होता. तिच्या शेजारी बसलेल्या बाईशी तिचं धुऱ्यावरून कित्येक वर्षांचं भांडण होतं, बोलणंही बंद. त्या बाईने डोळे न उघडताच हात तिच्या पाठीवर ठेवला. इथे चमत्कार वगैरे झाला नाही. धुऱ्याचा दावा अजून चालू आहे. पण सुनेच्या बाळंतपणात शेक-शेगडीला ती शेजारीणच होती, हेही गावाने पाहिलं.

तेव्हापासून वाटतं, करुणा शिकवता येत नसेल, पण माणसांना पुरेसं जवळ बसवता येतं. उरलेलं काम ते जवळ असणं करतं.

मागे एका हंगामात कापणी ऐन भरात असताना पाऊस आला. ज्यांचे धान कापून झाले होते त्यांचे कडपे बांध्यांत पसरलेले. कडपा भिजला की लोंबीतच कोंब फुटतो, वर्षाची कमाई डोळ्यांदेखत उगवून वाया जाते. दुसऱ्या पहाटे आम्ही ध्यानाला बसलो. डोळे मिटलेले असले की कान फार उघडे असतात. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने लक्षात आलं, खिडकीखालचा खोकला ऐकू येत नाही. तिथे बसणाऱ्या काकाजींना जुना खोकला, रोज ऐन शांततेत उसळणारा. कित्येकदा आम्ही त्यावर चिडलोही होतो. डोळे उघडून पाहिलं तर आणखी चौघांचे डोळे खिडकीकडेच लागलेले.

त्या दिवशी खराटे तसेच राहिले. आम्ही सातजण काकाजींच्या बांधीवर गेलो. ते एकटेच घोटाभर पाण्यात उभे राहून कडपे उचलून धुऱ्यावर टाकत होते. आम्हाला पाहून ओरडले, "ध्यान सोडून कायले आले रे?" कोणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी पायजमे गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि आम्ही पाण्यात उतरलो. दुपारपर्यंत जेवढं निघालं तेवढं काढलं. त्यातलं निम्मं पुढे काळपटच निघालं, भावही तसाच मिळाला.

पाण्यात वाकून तासभर झाला असेल. कोणी काही बोलत नव्हतं. तेवढ्यात काकाजींना खोकल्याची जोरदार उबळ आली, आणि आम्ही सातही जण कंबर सरळ करून हसायला लागलो.