दुकानाचे खाते दुकानातच बुडू नये

ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरपर्यंत कापडाच्या कोणत्याही गाळ्यात जा, कॉम्प्युटर नाही असे आज क्वचितच आढळते. बिल त्यावरच निघते, उधारी टॅलीत असते, जीएसटीचे विवरणही तेथूनच भरले जाते. परंतु त्याच गाळ्याच्या मालकाला विचारा की, हा डबा उद्या सकाळी सुरूच झाला नाही तर कोणाकडे किती येणे आहे हे तुम्ही कशावरून सांगाल? बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "ते अकाउंटंट पाहतो." आमच्या मते हे उत्तर चुकीचे आहे. तिजोरीची किल्ली आपण अकाउंटंटच्या हाती देत नाही, मग खाते का देतो?

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. कॉम्प्युटर आम्ही पस्तिशीला आल्यावर शिकलो, तेही नाइलाजाने. वह्या लिहिणे बंद करून जेमतेम वर्ष झाले होते आणि २६ जुलै २००५ चा तो दिवस उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना पाठ आहे. पण उल्हास नदीने बदलापूर, उल्हासनगर, कल्याण ह्या पट्ट्यात काय केले हे आपल्याकडच्यांनाच ठाऊक. आमच्या कल्याणच्या दुकानात कमरेइतके पाणी होते. कापडाच्या गाठी गेल्या, त्यांचे दुःख होतेच. खरा घात पुढे झाला. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली जमिनीवर होता व दर शनिवारी काढलेल्या बॅकअपच्या सीड्या त्याच टेबलाच्या खालच्या खणात होत्या. दोन्ही एकाच चिखलात सापडले.

जुन्या वह्या आम्ही गच्चीवर उन्हात वाळवल्या. शाई पसरली होती, तरी नावे व आकडे लागत होते. हार्ड डिस्क मात्र वाळवूनही बोलली नाही. मग आम्ही पार्टीमागून पार्टी फिरलो व "तुमच्या हिशोबाने आमचे किती निघतात?" असे विचारत गेलो. व्यापाऱ्याला ह्यापेक्षा मोठी लाचारी नाही. काहींनी पै न पै सांगितली. उल्हासनगरच्या एका गृहस्थांनी तर आमच्या अंदाजापेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या वहीतून काढून दाखविली. काहींनी निम्मी सांगितली व काहींनी ओळखही दाखविली नाही. पण झोप उडविणारी गोष्ट वेगळीच होती. आम्ही ज्यांचे देणे लागत होतो, भिवंडीचे मागवाले, दलाल, हमाल, त्यांचाही हिशोब त्याच डब्यात होता. येणे बुडाले तर आपले नुकसान होते, पण देणे विसरले तर दुसऱ्याचा हक्क मारला जातो. सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातील सर्वात दीर्घ आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होते. लिहिलेले सांभाळावेही लागते, हे पाण्यात उभे राहिल्यावर कळले.

कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय २०१७ च्या नियमांतील नियम ५७ सांगतो की, अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात त्या पुन्हा उभ्या करता येतील असा बॅकअप ठेवलाच पाहिजे. म्हणजे "पुरात गेले साहेब" एवढे सांगून सुटका नाही.

आता इलाज. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, जिला मुले एक्सटर्नल म्हणतात, ती खिशात मावते. एक टीबीची घेतली तरी लहान-मध्यम दुकानाचा अनेक वर्षांचा हिशोब तीत सहज बसतो. मात्र एक नव्हे, दोन घ्याव्यात, आणि त्यांवर रंगाने किंवा चिठ्ठीने अ व ब अशी खूण करावी. नवी डिस्क विंडोजवर वापरायची तर ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. जुन्या फॅट-३२ पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही व कॉपी अर्ध्यावर अडते. फॉरमॅट केल्यावर आतले सर्व पुसले जाते, म्हणून हे काम डिस्क रिकामी असतानाच उरकावे. मग टॅलीतील बॅकअपची सोय वापरून रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नावाच्या फोल्डरमध्ये प्रत काढावी. सोमवारची प्रत पुढच्या सोमवारीच बदलेल, त्यामुळे बुधवारी झालेली चूक शनिवारी लक्षात आली तरी मंगळवारचा हिशोब शिल्लक असतो. काम झाले की विंडोजला सांगून डिस्क सोडवावी, मगच वायर काढावी. घाईने ओढल्यास फाइल अर्धवट राहते. साध्या डिस्कमध्ये आत तबकडी फिरते, तिला पडणे सोसत नाही. एसएसडी प्रकारात फिरणारे काही नसते, पण तीही वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवण्याची वस्तू नव्हे.

येथे पुष्कळ बांधव एक चूक करतात. डिस्क घेतात आणि कायमची कॉम्प्युटरला लावून ठेवतात. आमच्या परिचयाच्या भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने हेच केले. खंडणी मागणारा व्हायरस ई-मेलमधून आत शिरला, त्याने कॉम्प्युटरच्या फाइलींना कुलूप लावले व जोडलेल्या डिस्कलाही लावले. अशा प्रसंगी मोठेही वाचत नाहीत. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क ह्या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर बंद पाडले. न्हावाशेवा येथे जेएनपीटीतील त्याच समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले व कंटेनर अडकले. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, कंपनीचे जाळे पुन्हा उभे करण्यास लागणारी महत्त्वाची नोंद जगात एकाच ठिकाणी शाबूत राहिली होती, ती म्हणजे आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात. कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली होती! लोडशेडिंगला आपण जन्मभर शिव्या दिल्या, पण त्या दिवशी अब्जावधींची कंपनी त्याच्या उपकाराखाली आली. जी प्रत जोडलेली नव्हती, तीच वाचली.

काही जण म्हणतात, आता सर्व इंटरनेटवर ठेवता येते, डिस्क कशाला? जरूर ठेवा, आम्हीही ठेवतो. पण त्यातील बऱ्याच सोयी अशा आहेत की दुकानात फाइल पुसली गेली की तिकडेही पुसली जाते. ती आरशातली प्रतिमा झाली.

दुसरा प्रश्न अकाउंटंटच्या पेनड्राइव्हचा. आठवड्यातून दोनदा येणारा मुलगा आपल्या सोयीसाठी सारा डेटा खिशात घालून नेतो व त्याच पेनड्राइव्हवर आणखी चार दुकानांचे खाते असते. तो मुलगा प्रामाणिक असेल, आमचा तसाच होता, पण लोकलच्या गर्दीत खिसा त्याचाही कापला जातो. त्यात आपल्या ग्राहकांचे बँक खाते क्रमांक असतात, भाव असतात. ती अमानत आहे. म्हणून डिस्कला पासवर्डचे कुलूप लावावे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर नावाची सोय आहे. तिची रिकव्हरी की मात्र कागदावर लिहून घरी ठेवावी, नाहीतर आपणच बाहेर राहू.

कारागीर बांधवांनी हे केवळ शेटजींचे काम समजू नये. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्यांचे पंच केलेले डिझाइन, छपाईवाल्यांच्या कोरलच्या फाइली, हीच त्यांची पुंजी आहे. कपडा पुन्हा विकत मिळतो, पण सहा दिवस बसून केलेला पंच कोठे मिळणार?

बॅकअप घेतल्यावर तो उघडून पाहणारे शंभरात किती असतील, आम्हाला शंका आहे. आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर, वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रत रिस्टोअर करतो व तीन पार्ट्यांची शिल्लक छापील खात्याशी ताडून पाहतो. चालू खात्याच्या जागीच रिस्टोअर केल्यास नवीन हिशोबावर जुना चढतो, एवढे ध्यानात ठेवावे. मागील वर्षी ह्याच तपासणीत ब डिस्कवरच्या तीन आठवड्यांच्या प्रती रिकाम्या निघाल्या. पोरगा रोज बटण दाबत होता, पण जागा चुकीची निवडलेली होती.

सध्या आमच्याकडे गुरुवारी दुकान वाढविताना अ डिस्क पिशवीत घालून ठाण्याला घरी येते, चौथ्या मजल्यावर, आणि शनिवारी सकाळी ब तिच्या जागी दुकानात जाते. पुढच्या गुरुवारी उलट.