कुत्र्याचा कज्जा आणि कोर्टाचें कुलूप

न्यायमंदिराच्या दारास पडदा लावावा तो केव्हां, हा प्रश्न एका कुत्र्यानें आपणांपुढें आणून ठेविला आहे. दिल्लींत एक खासदारबाई व एक वकील यांच्यांत रॉटवायलर जातीच्या कुत्र्याच्या ताब्यावरून कज्जा उभा राहिला. खालच्या कोर्टानें उभय पक्षांस या दाव्याची बाहेर वाच्यता करण्यास मनाई केली. त्या मनाईविरुद्ध वकीलमहाशयांनीं २०२५ सालीं उच्च न्यायालयाकडे धाव घेतली.

वृत्तपत्रांनीं या प्रकरणीं कांहीं भूषणावह कामगिरी केली असें आम्ही म्हणत नाहीं. कायद्याच्या लेखीं कुत्रें ही जंगम मिळकत. पण मथळे पाहावे तर जणूं राजपुत्राचेंच हरण झालें! शेजाऱ्याच्या खिडकींतून डोकावण्याची ही हौस शिष्टांस शोभत नाहीं. परंतु अशिष्टपणा निराळा व अब्रूनुकसानी निराळी. भारतीय न्याय संहितेचें ३५६ वें कलम अब्रूनुकसानीस दोन वर्षांपर्यंत साधी कैद सांगतें; पण त्याच कलमाचा चौथा अपवाद असा कीं, न्यायालयाच्या कामकाजाचा मुख्यतः खरा वृत्तांत छापणें ही अब्रूनुकसानी नव्हे. ज्या वृत्तांतास कायद्यानें अभय दिलें, त्याचा झराच बुजविणें हें कोठलें शहाणपण?

यावर कोणी १९६६ चा मिरजकर खटला पुढें करील. मुंबईस ‘ब्लिट्झ’च्या संपादकावरील अब्रूनुकसानीच्या दाव्यांत एका साक्षीदाराची जबानी छापूं नये असें उच्च न्यायालयानें फर्माविलें, व सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं बहुमतानें तें उचलून धरलें. खरें आहे, पण तो अधिकार न्यायदानास बाध येऊं नये म्हणून, आणि अपवाद म्हणूनच मान्य झाला. न्या. हिदायतुल्ला यांस तर तेवढेंही पटलें नाहीं. कुत्र्याच्या ताब्याचा दावा उघडपणें चालल्यानें न्यायदानावर असें कोणतें संकट कोसळणार होतें?

याच खासदारबाईंनीं, लांच घेऊन संसदेंत प्रश्न विचारल्याचा आरोप अमान्य करून अब्रूनुकसानीचा दावा लावला, तेव्हां मार्च २०२४ मध्यें उच्च न्यायालयानें तात्पुरती मनाई नाकारली. एवढ्या मोठ्या आरोपास मोकळीक आणि कुत्र्याच्या कज्जास कुलूप! तो विषय सार्वजनिक, हा खासगी, असें म्हणाल, तर खासगी कज्जा घरींच मिटवावा. न्यायासन लोकांच्या पैशावर चालतें; त्याची पायरी चढणारानें लोकांच्या डोळ्यांस भिऊन चालावयाचें नाहीं.

खोटें छापणारास जरूर शासन करा. पण तें खोटें ठरल्यानंतर. बोलणाराचें तोंड आधींच बांधून नव्हे. आणि काय छापूं नये हें संपादकांनीं आपल्या विवेकास विचारावें. त्यासाठीं न्यायाधीशाच्या हुकुमाची वाट पाहूं नये.