विश्लेषण : परसातील बांबूची खोली चंद्रपूरच्या उन्हापावसात टिकेल का?

लॅपटॉपवरची बैठक, मुलांचा अभ्यास आणि व्यायामाची चटई हे सगळे एकाच हॉलमध्ये मावत नाही, हा अनुभव करोनाकाळापासून अनेक घरांनी घेतला आहे. घरावर मजला चढवण्यापेक्षा परसात दहा बाय बारा फुटांची स्वतंत्र खोली बांधणे सोपे वाटते. चंद्रपूर आणि गडचिरोलीत त्यासाठी लागणारा बांबू जवळच मिळतो. मात्र येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि वाळवी तर बारमाही असते. अशा हवेत ही खोली दोन वर्षे टिकणार की वीस, हे बांबूपेक्षा बांधणाऱ्याच्या निर्णयांवर ठरते.

बांबू कुठून आणायचा? कायदा काय सांगतो?

या दोन जिल्ह्यांच्या जंगलात प्रामुख्याने मानवेल आढळतो. त्याचे कांड जाड, जवळजवळ भरीव असल्याने तो बांधकामाला चांगला. काटेरी कटांग आकाराने मोठा असतो. दोन्ही उपयोगी असले तरी जंगलातून परस्पर बांबू तोडून आणणे हा गुन्हाच आहे.

खासगी जमिनीवरील बांबूची गोष्ट वेगळी. भारतीय वन कायदा, १९२७ मध्ये बांबूची गणना ‘झाड’ म्हणून होत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून ती व्याख्या बदलली. त्यामुळे शेताच्या बांधावर लावलेला बांबू वन कायद्यातील ‘झाड’ राहिला नाही.

तिसरा मार्ग ग्रामसभांचा आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार बांबू हे गौण वनोपज आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि बांबू विकण्याचा तिचा अधिकार प्रत्यक्षात उतरला. खरेदी वन विभागाकडून असो, ग्रामसभेकडून वा शेतकऱ्याकडून, पावती जपून ठेवावी.

बांबू पोलादाइतका मजबूत, हे खरे का?

अर्धेच. बांबूचे तंतू ताण उत्तम सहन करतात, म्हणून त्याला ‘हिरवे पोलाद’ म्हटले जाते. पण वाकण्याला विरोध करण्याची त्याची क्षमता पोलादाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असते. त्यामुळे लांब वासा तुटण्याआधी झुकतो.

खरा कमकुवतपणा जोडात असतो. बांबूला तंतूंच्या दिशेने चटकन चीर जाते. खिळा ठोकला की तो फाटतो. म्हणून आधी भोक पाडून नट-बोल्ट बसवायचा, जोड पेराच्या गाठीजवळ घ्यायचा आणि पोकळ बांबू असेल तर जोडाच्या पेरात सिमेंटचा मसाला भरायचा, ही पद्धत आहे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्यामुळे अभियंत्याकडे रीतसर आराखडा मागता येतो.

प्रक्रिया न केल्यास काय होते?

बांबूत पिष्टमय पदार्थ भरपूर असतो आणि भुंगेरे त्यावरच जगतात. खोलीत पिवळसर भुकटी पडू लागली की वासा आतून पोखरला जात आहे, असे समजावे. यासाठी तीन ते चार वर्षांचा पक्व बांबू पावसाळा संपल्यावर तोडतात. कोवळा बांबू वाळताना सुरकुततो आणि लवकर किडतो. पूर्वी गावात बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. त्यामागचा हेतू हा पिष्टमय पदार्थ धुऊन काढण्याचाच होता.

आता बोरिक अॅसिड आणि टाकणखार यांच्या द्रावणात बांबू बुडवतात. द्रावण आतपर्यंत पोचावे म्हणून पेरांतील पडदे आधी फोडतात. मात्र ही औषधे पाण्यात विरघळतात. सतत पावसात भिजणाऱ्या किंवा मातीत गाडलेल्या बांबूतून ती हळूहळू निघून जातात. म्हणजे प्रक्रिया केलेला खांबही थेट जमिनीत पुरला तर पैसे वाया गेले. खांब जमिनीपासून किमान दीड फूट उंच जोत्यावर, लोखंडी पायावर उभे करायचे आणि छपराची वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढायची. बांबूच्या घराला पाय कोरडे आणि डोक्यावर मोठी टोपी हवी.

४५ अंशांत आत बसता येईल का?

नुसता पत्रा टाकला तर दुपारी बसणे अशक्य. पत्र्याखाली हाताएवढी पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्याचे दुसरे छत घालावे. पोकळीला दोन्ही टोकांनी हवा मिळाली की तापलेली हवा निघून जाते. कवेलू पत्र्यापेक्षा बरे, पण माकडांचा उपद्रव असलेल्या वस्तीत दरवर्षी ते फेरावे लागतात. पश्चिमेची भिंत छोटी, शक्यतो बिनखिडकीची ठेवावी. मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण घ्याव्यात.

भिंतींसाठी विदर्भातला जुना कूड आजही कामाचा आहे. बांबूच्या कामट्या विणून दोन्ही बाजूंनी गिलावा केला की भिंत हलकी राहते आणि कामट्या झाकल्या जातात. कूलर लावणार असाल तर दमट हवा बाहेर जाण्याची वाट हवीच, नाहीतर बांबूवर बुरशी येते.

काम आणि व्यायाम एकाच खोलीत कसे?

दोन्हींच्या गरजा वेगळ्या आहेत. टेबलाला स्थिर जमीन आणि डोळ्यांवर न येणारा उत्तरेचा उजेड लागतो. दोरीवरच्या उड्यांना उंची आणि धक्का झेलणारी फरशी लागते. बांबूची तरंगती जमीन उड्यांनी हलते, म्हणून जोत्यावर काँक्रीटची जमीन करून व्यायामाच्या भागात रबरी चटई टाकणे योग्य. छताची मोकळी उंची दहा फुटांच्या आसपास असावी आणि पंखा छताऐवजी भिंतीवर लावावा. पुल-अपचा बार बांबूच्या वाशाला टांगू नये. त्यासाठी जमिनीत घट्ट बसवलेली वेगळी लोखंडी चौकट हवी.

बांबूखाली व्यायाम ही कल्पना नवी नाही. बाली बेटावरील ग्रीन स्कूलची ‘द आर्क’ ही व्यायामशाळा २०२१ मध्ये पूर्ण झाली. तिच्या बांबूच्या कमानी १९ मीटर अंतर पेलतात. परसातल्या खोलीला जेमतेम चार मीटर पेलायचे आहेत.

आगीचे काय?

हा धोका चंद्रपूरने जवळून पाहिला आहे. चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच्या बांबूच्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये मोठी आग लागली. वाळलेला, पोकळ बांबू झपाट्याने पेटतो. म्हणून वायरिंग बांबूच्या पोकळीतून नेऊ नये. ते बाहेरून, पाइपमधून न्यावे. स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग घ्यावे. गिलावा केलेली भिंत उघड्या तट्ट्यापेक्षा सुरक्षित. खोली आणि घर यांत अंतर सोडावे, स्वयंपाक किंवा शेगडी आत नको आणि पालापाचोळा उन्हाळ्यापूर्वी झाडून काढावा.

परवानगी आणि वन्यप्राणी?

‘बांबूची आहे, म्हणजे तात्पुरती’ हा समज चुकीचा ठरू शकतो. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडाभोवती किती जागा मोकळी सोडायची, हे ठरलेले आहे. कुंपणाला चिकटून खोली बांधण्याआधी महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत विचारणा करावी.

दुसरा मुद्दा जिवाचा आहे. ताडोबाच्या आसपास आणि जंगलालगतच्या वस्त्यांत बिबट्या व वाघाचा वावर असतो. पहाटेचा व्यायाम आणि रात्रीची शिफ्ट या नेमक्या त्यांच्या फिरण्याच्या वेळा. अशा ठिकाणी खोली घरापासून दूर, झाडीच्या कडेला नको. घर ते खोली वाटेवर दिवा, आजूबाजूला झुडपे साफ आणि दार भरीव असावे.

यात फायदा कुणाचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरणाला मंजुरी दिली. पण या दोन जिल्ह्यांतला बांबू वर्षानुवर्षे कागदाच्या लगद्यासाठी कच्चा माल म्हणूनच बाहेर गेला. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरड कारागिरांचे हात कुशल आहेत, पण प्लास्टिकने त्यांचा बाजार खाल्ला. परसातल्या एका खोलीत तट्टे, कामट्या, जोड आणि प्रक्रिया असे अनेक दिवसांचे काम असते. प्रक्रिया केलेला बांबू आणि प्रशिक्षित कारागीर तालुक्यातच मिळू लागले, तर त्या कामाचा पैसा जिल्ह्यात राहील. घाईने, कच्च्या बांबूत बांधलेल्या खोल्या मात्र दोन पावसाळ्यांत भुकटी होतील आणि ‘बांबू टिकतच नाही’ हा समज पक्का होईल. त्याची किंमत घरमालकापेक्षा कारागिरालाच जास्त मोजावी लागेल.