शेवटच्या बाकावरचा खेळाडू

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा मोडनिंबला आला की त्याचा लॅपटॉपही येतो. यंदा त्यात 'फुटबॉल मॅनेजर' होता. या खेळात चेंडूला पाय लावायचा नसतो, संघ बांधायचा असतो. कुणाला विकत घ्यायचं, पगारावर किती खर्चायचं, कुणाला उतरवायचं, कुणाला राखीव ठेवायचं, हे सगळं आपण ठरवायचं. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे वेग, पास, जिद्द असे गुण असतात, 1 ते 20 मधले.

"मामू, ह्याला विकून टाकू. ह्यात दम नाही."

"तुला कसं कळलं?"

"आकडे बघा ना!"

मला हसू आलं. मग आठवलं, मीही हेच करतो. बीएड झाल्यापासून आकडे बघूनच मुलं ओळखत आलोय.

या खेळात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे लपवलेले असतात, दोनशेपैकी. एक आजच्या ताकदीचा, दुसरा तो जास्तीत जास्त कुठवर जाईल याचा. दुसरा आकडा एकदा ठरला की कितीही सराव घ्या, खेळाडू त्याच्या वर जात नाही. संगणकाला हे शोभतं. माणसाचा असा आकडा कुणी लिहून ठेवलेला नसतो. इंग्लंडच्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी क्लबनं काढून टाकलं, त्यानं कारखान्यात काम केलं. 2016 मध्ये तोच लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पेठेतल्या मैदानावर धावणाऱ्या पोराच्या कपाळावर हे कुणी वाचलं असतं?

पण एक गोष्ट हा खेळ आम्हा मास्तरांपेक्षा बरी जाणतो. ज्या तरुण खेळाडूला मैदानावर मिनिटं मिळत नाहीत, तो वाढत नाही. शिवाय तो नाराज होतो आणि तसं तोंडावर सांगतो. वर्गात मिनिटं म्हणजे विचारलेला प्रश्न, तपासलेली वही, नावानं मारलेली हाक. शेवटच्या बाकावरच्या पोराला ती किती मिळतात? आणि तो तर तक्रारही करत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाच्या अब्बांना मी सांगितलं होतं, "ह्याला पुढं शिकवून उपयोग नाही." त्यांनी मास्तरचा शब्द मानला. तो मुलगा आता हायवेवर पंक्चर काढतो. तीन-तीन गाड्यांचा हिशेब तोंडी करतो. कामात कमीपणा नाही, घर चालवतो. पण त्याचा आकडा मी ठरवला, एकही संधी न देता. मला पाहिलं की हात पुसून सलाम करतो. तो सलाम घेताना मान वर होत नाही.

भाच्याला खेळाडू विकता येतो, दुसरा घेता येतो. मला जूनमध्ये जी पोरं मिळतात तोच माझा संघ. यंदा पहिला प्रश्न शेवटच्या बाकापासून विचारणार आहे. उत्तर चुकलं तरी दुसराही तिथंच.