वयाच्या मानाने

गाण्याचा कार्यक्रम संपला, की दरवाजापाशी चपला शोधणाऱ्या मंडळींत थोडा वेळ उभे राहावे. आत झालेल्या मैफलीचा निकाल तिथे लागत असतो. त्या गर्दीत एक वाक्य हटकून कानी पडते. गाणारी बाई सत्तरीच्या पुढची असली, की कोणीतरी डावी चप्पल पायात सरकवीत म्हणतोच, "वयाच्या मानाने छान गायल्या हो!"

बोलणारा मनुष्य सज्जन असतो. पण त्या दोन शब्दांवर आमचा भारी राग आहे. पंचाहत्तरीच्या बुवांचे गाणे म्हणे 'मुरलेले' असते, आणि त्याच वयाच्या बाईंचा आवाज मात्र 'गेलेला' असतो! लोणच्याला लावायचा न्याय गाण्याला लावायचाच असेल, तर तो दोन्ही बरण्यांना सारखा लावावा, एवढेच आमचे म्हणणे.

गंगूबाई हनगलांचेच पाहा. 1913 साली धारवाडला जन्मलेल्या या बाईंच्या अगदी आरंभीच्या तबकड्या 'गांधारी हनगल' या नावाने निघाल्या होत्या. त्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही तीच बाई हे पटवून द्यावे लागते, इतका तो आवाज उंच आणि कोवळा आहे. पुढे घशाचे दुखणे झाले, त्यावर इलाज झाला आणि आवाज खाली उतरला तो उतरलाच. भरदार, रुंद, जवळजवळ पुरुषी. गाण्यावर पोट असलेल्या तरुण बाईवर हा केवढा प्रसंग! दुसरी एखादी असती तर गेलेल्या आवाजाच्या मागे धावत बसली असती. गंगूबाईंनी नवा आवाज पदरात घेतला आणि त्यालाच साजेल असे गाणे उभे केले. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जायचे आणि सवाई गंधर्वांकडे शिकायचे. थोडेच शिकायचे, पण पक्के. किराण्याची ती सावकाश, एकेक स्वराला नमस्कार करीत पुढे जाणारी आलापी त्या आवाजात अशी काही शोभली, की लोक पहिला आवाज विसरून गेले. म्हातारपणाने आवाजात काय फरक पाडायचा तो पाडला असेल. पण बदललेल्या आवाजाशी संसार कसा करावा, हे या बाई ऐन तारुण्यात शिकल्या होत्या. 2006 साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, त्या हुबळीत शेवटच्या जाहीर मैफलीला बसल्या. आता इथे 'वयाच्या मानाने' म्हणायची कोणाची छाती आहे?

अर्थात, बसायला बैठक होती म्हणून बसल्या. ती बैठकही एका बाईनेच घालून दिली होती. हिराबाई बडोदेकरांच्या आधी स्त्रीचे गाणे म्हणजे कोणाच्या तरी दिवाणखान्यातले, नाहीतर रंगभूमीवरचे. तिकीट लावून जाहीर जलसा करणारी पहिली गायिका हा मान हिराबाईंना दिला जातो. पदर नीट घेऊन, हातवाऱ्यांना रजा देऊन त्या नुसत्या गायल्या, आणि घरच्या लेकीसुनांना बरोबर घेऊन गाण्याला जायला लोकांना संकोच वाटेनासा झाला. हे काम किती मोठे, ते आज सांगून पटत नाही. पटत नाही, हेच त्यांचे यश.

केसरबाई केरकरांची तऱ्हा निराळी. गोव्यातल्या केरीच्या या बाई 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, आणि ती तालीम थेट 1946 साली खाँसाहेब जाईपर्यंत चालली. पंचवीस वर्षे! आजकाल पंचवीस महिन्यांत मंडळी स्वतःचे शिष्य घेऊ लागतात, ते असो. या मानिनीने 1963-64 च्या सुमारास जाहीर गाणे बंद केले आणि पुढची तेराचौदा वर्षे त्या घरी राहिल्या. आपल्या गाण्याला आपणच लावलेली कसोटी आपल्याला उतरता येत नाही असे दिसले, तर थांबायचे, हाही बाणाच की. त्या निवर्तल्या 16 सप्टेंबर 1977 ला. त्याच्या जेमतेम महिनाभर आत अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली होती. त्यांवरच्या सोनेरी तबकडीत पृथ्वीवरच्या निवडक संगीताबरोबर केसरबाईंची भैरवीही आहे. तिथे वय विचारणारे कोणी भेटेल, असे वाटत नाही.

गंगूबाई गात राहिल्या, केसरबाई थांबल्या. आम्हांला दोन्ही सारखेच प्रिय. कारण कधी थांबायचे हे ज्याचे त्याने, अर्थात जिचे तिने, ठरवले. व्यवस्थापकाने नव्हे, आणि दारातल्या चपलावाल्या गृहस्थानेही नव्हे.

मोगूबाई कुर्डीकरांनी तिसरी वाट धरली. पतीच्या मागे मुले पदरात, दौऱ्यांवर यजमानांची वागणूक अशी, की बरोबर असलेल्या लहानग्या किशोरीच्या मनातून ती आयुष्यभर गेली नाही. पुढे किशोरी आमोणकर मैफलीच्या अटींबाबत कडक झाल्या. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणाले. आईने सोसले ते लेकीने व्याजासकट वसूल केले, असे आम्ही म्हणतो. मोगूबाई मात्र शिकवीत राहिल्या. 2001 साली, शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यात केव्हाच मुक्कामाला गेली होती.

आता दिवाळी आली. गावोगाव पहाटेच्या मैफली होतील. एखाद्या वृद्ध गायिकेला बोलावतील, दीपप्रज्वलन करायला लावतील, शाल आणि नारळ देतील आणि "दोन शब्द बोला" म्हणतील. अहो, बोलायला कशाला सांगता? जुळवलेल्या तानपुऱ्यांची जोडी द्या, त्यांच्या पट्टीला चालेलसा तबलजी द्या, पुरती बिदागी द्या आणि त्यांची इच्छा असेल तर तासभर गाऊ द्या. प्रभा अत्रे 13 जानेवारी 2024 ला पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांना एक्क्याण्णव वर्षे पुरी झाली होती, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते. सत्कार नव्हे हो, गाणे!