सायकल वाटली, पान्याचं काय?

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पंक्चर काढायला शिकलो. सांगायला जरा लाज वाटते. शाळेत असताना पाच वर्षं सायकल मारली, पण पंक्चर झाली की ढकलत दुकानात न्यायची आणि बाकड्यावर बसून पेपर वाचायचा, एवढंच आपलं काम. दोन वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी दम भरला, म्हणून पुन्हा सायकल घेतली. तोवर आमच्या ओळखीच्या सायकलवाल्या मामांनी दुकान कधीच बंद केलेलं. हायवेला पंक्चरवाले आहेत, पण त्यांच्यापुढे ट्रक आणि मोटारसायकलींची रांग. सायकल दिसली की "ठेवून जा, उद्या बघू." त्यांचं तरी काय चुकतं?

त्यात आपल्याकडे वेडी बाभूळ. आडवाटेनं निघालं की काटा ठरलेला. शेवटी एक दिवस मामांच्या घरी जाऊन बसलो आणि म्हटलं, शिकवा.

त्यांनी आधी हसून घेतलं. मग स्टँड लावून, चाक न काढताच टायर एका बाजूनं उचकटून ट्यूब बाहेर ओढली. घमेल्यात पाणी, बुडबुडा दिसला की खूण, कोरडं करून घासायचं, सोल्युशन लावून थांबायचं. हे थांबणंच मला जमत नव्हतं. ओल्या सोल्युशनवर ठिगळ चिकटवलं की ते सुटणारच. आणि काटा टायरमध्ये तसाच ठेवून नवं ठिगळ लावण्याचा पराक्रमही मी केलाय. आता चाळिशीचा चष्मा लावून टायर आतून बोटांनी चाचपतो. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे मला अर्धा तास पान्याला लोंबकळल्यावर कळलं.

पण पोस्ट माझ्या पराक्रमाची नाही. शेजारची आठवीतली मुलगी दोन महिने शाळेत चालत जात होती. सरकारी योजनेतली सायकल गोठ्यात उभी. घरचे म्हणाले, "पंक्चर आहे, न्यायला वेळ नाही." बघितलं तर पंक्चर नव्हतंच. व्हॉल्वची रबरी नळी उन्हानं चिरली होती. दोन-चार रुपयांची वस्तू! तिच्याच हातानं बदलायला लावली, हवा भरली, दुसऱ्या दिवशी पोरगी सायकलवर.

तेव्हा माझं मलाच टोचलं. जिल्हा परिषदेकडून शाळकरी मुलींना अनुदानावर सायकली मिळतात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत मिळतात. योजना चांगलीच आहे, मुलींची शाळा टिकते. अशा वाटपांच्या बातम्या मी स्वतः दिल्यात, नव्या सायकली, पाहुणे, हार, सगळं फोटोत. पण सहा महिन्यांनी त्यातल्या किती चालू आहेत, हे बघायला मी एकदाही गेलो नाही. पाहुणेही गेले नसणार, पण ते त्यांचं त्यांनी बघावं.

सायकलीबरोबर दोन पाने, सोल्युशनची ट्यूब आणि शाळेत एक पंप का नाही? वाटपाच्या दिवशी भाषणं थोडी आवरून तासभर पंक्चर शिकवलं तर? शिकवायला माणसंही आहेत. दुकान बंद करून घरी बसलेले मामा प्रत्येक मोठ्या गावात सापडतील. त्यांना रीतसर मानधन द्या, फुकट राबवू नका. आणि मुलींना हे जमणार नाही असं कुणी म्हणू नका, त्या पोरीचं ठिगळ माझ्यापेक्षा सरळ बसतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे लोखंडी नांगर, मग १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. त्या माणसाचे हात आधी सायकलीच्या वंगणानंच काळे झाले असतील. आपल्याकडे मात्र पोरांना मोबाइलचं कव्हर बदलता येतं, सायकलची चेन बसवता येत नाही. माझा पोरगाही त्यात आलाच.

सगळंच घरी करा असं मी म्हणत नाही. चाकाचा आउट काढणं मला अजून येत नाही. ब्रेक किंवा हँडलबद्दल शंका असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय हायवेला जाऊ नका, उसाच्या ट्रॉल्यांचा सीझन आठवा. पण हवा, पंक्चर, चेनला तेल, ब्रेकशू एवढं कुणालाही येईल, पन्नाशीतल्यालाही.

येत्या रविवारी सकाळी आठला मी मारुतीच्या देवळापुढे बसणार आहे. मामा यायला तयार झालेत. गोठ्यात, माळ्यावर पडलेली सायकल घेऊन या, आणि ज्याची सायकल त्यानंच हात काळे करायचे. येताना एखादं घमेलं आणा, माझ्याकडे एकच आहे.